सावत्र आई, सावत्र बहीण आणि घरांतील गुपितें

आपल्या वाङ्मयांत सावत्र आई रंगभूमीवर येण्यापूर्वींच प्रेक्षकांच्या ओळखीची झालेली असते. ती काय बोलणार, मुलांच्या पानांत काय वाढणार आणि शेवटीं तिची फजिती कशी होणार, हें गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलासही ठाऊक असतें. ध्रुवाला बापाच्या मांडीपासून दूर करणारी सुरुचि आणि रामाला वनांत धाडणारी कैकेयी या दोघींनीं जो साचा घडवून ठेवला, त्यांतूनच पुढच्या शेंकडों सावत्र आया ओतून निघाल्या. साचा मजबूत खरा. पण त्यांतून निघणाऱ्या सर्व मूर्तींना चेहरा एकच असतो. हा ठरलेला चेहरा बाजूस सारून सावत्र नात्याकडे पाहिलें तर काय दिसेल, या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आम्हांस पुन्हा पुन्हा एका जुन्या इंग्रजी कादंबरीकडे वळावें लागतें. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘वाइव्हज् अँड डॉटर्स’ ही ती कादंबरी. ‘कॉर्नहिल मॅगझीन’ या मासिकांत ती १८६४ च्या ऑगस्टपासून १८६६ च्या जानेवारीपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. इकडील विद्यार्थ्यांना या लेखिकेची ‘क्रॅनफर्ड’ तेवढी माहीत असते. ही मोठी आणि आमच्या मतें अधिक खोल कृति पाठ्यक्रमाच्या कडेवरच राहून गेली आहे.

परंतु कादंबरीकडे जाण्यापूर्वीं ‘सावत्र’ या शब्दाकडेच क्षणभर पाहूं. तो संस्कृतांतील ‘सापत्न’ या शब्दाचा वंशज. म्हणजे त्याचें मूळ सवतींत आहे. एका पुरुषाच्या दोन बायका एकाच वेळीं हयात आहेत, त्यांच्यांत वैर आहे आणि तें वैर मुलांकडे वारशानें जाणार आहे, एवढें सगळें हा शब्द मुकाट्यानें गृहीत धरून चालतो. इंग्रजींतील ‘स्टेप’ या उपपदाचा पायरीशीं कांहीं संबंध नाहीं. जुन्या इंग्रजींत तो पोरकेपणाचा वाचक होता. म्हणजे तिकडचा शब्द मुलानें काय गमावलें तें सांगतो, आणि आपला शब्द मुलाच्या आईची वैरीण कोण तें सांगतो. शब्दावरून समाजाची परीक्षा करूं नये, हें आम्हांस मान्य आहे. सिंड्रेलाची गोष्ट युरोपांतील मुलांनाही सांगितलीच जाते. आपल्याकडेही कुंती आहे. माद्री गेल्यावर नकुल-सहदेव तिनें वाढविले. आणि यक्षानें एकच भाऊ जिवंत करून देतों म्हटल्यावर धर्मराजानें भीम किंवा अर्जुन न मागतां नकुल मागितला, कारण कुंतीचा एक पुत्र मी उरलों आहें, माद्रीचाही एक उरावा. सावत्र नात्याविषयीं इतकी सुंदर गोष्ट जगाच्या वाङ्मयांत विरळा. पण कथेकऱ्यांनीं सुरुचि उचलली आणि कुंतीला पांडवांची आई म्हणून मोकळी केली.

आपल्या कथांत आणखी एक उणीव आहे, आणि तिचें कारण स्वभावांत नसून व्यवहारांत आहे. आपल्याकडे सावत्र आई येते ती एकटी येते. तिच्याबरोबर तिची पहिल्या घरची मुलगी येत नाहीं. विधवेला पुनर्विवाह वर्ज्य, म्हणून पुरुष बिजवर होऊं शकतो, तिजवर होऊं शकतो, पण त्याची नवी बायको कोवळी कुमारिकाच असावयाची. १८५६ च्या कायद्यानें हिंदु विधवांचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविला खरा. परंतु त्याच कायद्यानें पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपविला, आणि तिच्या मुलांसाठीं दुसरा पालक नेमून घेण्याकरितां सासरच्या मंडळींस न्यायालयाचें दार उघडून दिलें. हा कायदा १९८३ सालीं रद्द होईपर्यंत पुस्तकांत होता. मग आईचा पदर धरून नव्या घरांत आलेली मुलगी आपल्या कथांत दिसावी कोठून? दोन वेगळ्या घरांत वाढलेल्या दोन मुली एका छपराखालीं आल्या, त्यांना रक्ताचें नातें नाहीं, एकीच्या बापानें दुसरीच्या आईशीं लग्न केलें म्हणून त्या बहिणी झाल्या, हा प्रसंगच आपल्या कादंबरीकारांच्या वाट्यास फारसा आला नाहीं. गॅस्केलबाईंच्या कादंबरीचा कणा तोच आहे.

हॉलिंगफर्ड नांवाचें लहानसें गांव. बाई ज्या नट्सफर्डमध्यें वाढल्या त्याचेंच हें रूप. तेथील डॉक्टर गिब्सन हे विधुर असून सतरा वर्षांची मॉली ही त्यांची एकुलती मुलगी. बापलेकींचें सूत असें जुळलेलें कीं, तिसऱ्या माणसाची त्या घरांत जागाच नाहीं. त्यांच्याकडे वैद्यक शिकावयास राहिलेला एक पोरसवदा तरुण मॉलीस प्रेमपत्र लिहितो. तें मोलकरणीच्या हातून डॉक्टरांच्या हातीं लागतें. ते तें उघडून वाचतात, मुलीस देत नाहींत, आणि त्या तरुणास लॅटिन भाषेंत एक औषधाची चिठ्ठी लिहून धाडतात: विनय, घरच्यांशीं इमान आणि मौन हीं तीन द्रव्यें पाण्यांतून दिवसांत तीन वेळां घ्यावीं. विनोद झकास आहे. वाचक हंसतो आणि पुढें जातो. पण पुस्तक दुसऱ्यांदा वाचतांना हें हसूं ओठांवर थबकतें. मौनाचें औषध दुसऱ्यास लिहून देणारा हा गृहस्थ मुलीच्या नांवाचें पत्र वाचून बसला आहे! आणि त्या मुलीला त्या वेळीं त्याचा पत्ताही नाहीं. पुढें जें रामायण घडतें त्याचा आरंभ या उघडलेल्या पत्रांत आहे; कारण तें वाचूनच डॉक्टरांस वाटतें कीं, वयांत आलेल्या मुलीस संभाळणारें घरांत कोणी बाईमाणूस पाहिजे. मुलीला विचारण्याचें त्यांना सुचत नाहीं. लग्न ठरतें, आणि ठरल्यावर ती बातमी तिला कळविली जाते.

ज्या बाईशीं लग्न ठरतें ती मिसेस कर्कपॅट्रिक. एके काळीं लॉर्ड कम्नर यांच्या घरीं शिक्षिका, पुढें विधवा, पोटासाठीं शाळा चालवून थकलेली, दिसावयास अजून देखणी, बोलावयास गोड. तिची मुलगी सिंथिया फ्रान्समध्यें शिकत आहे. तरुण आणि सुंदर मुलगी शेजारीं उभी राहिली तर नवरीकडे कोण पाहणार, अशा विचारानें ही आई मुलीला स्वतःच्या लग्नास येऊं देत नाहीं! ही सावत्र आई दुष्ट नाहीं. ती मॉलीस मारीत नाहीं, उपाशी ठेवीत नाहीं. उलट आपण दोन्ही मुलींस समान वागवितों अशी तिची प्रामाणिक समजूत आहे. गॅस्केलबाईंनीं मिळविलेला खरा विजय तो हाच. दुष्ट सावत्र आई लिहिणें सोपें आहे. वाचक तिचा द्वेष करून मोकळा होतो. आनंदी, कोमल, दिवसाकाठीं दहा वेळां लाडकें संबोधन वापरणारी आणि तरी घरांतील प्रत्येकाचा श्वास हळूहळू कोंडणारी बाई लिहिणें फार अवघड. तिचा दोष एकच: दुसऱ्याच्या मनाला दार असतें आणि त्या दाराला कडी असते, हें तिला जन्मांत कळलेलें नाहीं.

याचें पहिलें प्रत्यंतर मॉलीच्या खोलींत येतें. त्या खोलींतील सामान मॉलीच्या मृत आईच्या माहेरपणापासूनचें. मुलीला आई आठवते ती जवळजवळ त्या सामानाच्या रूपानेंच. नव्या बाई ठरवितात कीं, सिंथियाची खोली नव्यानें सजवावयाची, तर मॉलीचीही तशीच सजवावयाची. नाहीं तर लोक म्हणतील, पोटच्या मुलीचे लाड केले आणि सावत्र मुलीला जुन्यांत ठेवली. मॉली विनवणी करते कीं, माझी खोली आहे तशी राहूं द्या. पण समतेच्या हट्टापुढें तिचें चालत नाहीं, आणि आईचें सामान अडगळींत जातें. या प्रसंगांत कोणी ओरडत नाहीं, कोणी रडून घर डोक्यावर घेत नाहीं. आमच्या पाहण्यांतील कोणत्याही सावत्र आईनें केलेली कोणतीही मारहाण वाचकाला इतकी लागत नाहीं. अन्याय भेदभावानें होतो तसा बरोबरीनेंही होतो. दोन मुलींना सारखें देणें म्हणजे दोघींना त्यांचें त्यांचें देणें नव्हे. डॉक्टरांचेंही हेंच होतें. जेवणाची वेळ पुढें ढकलली जाते, आणि त्यांच्या आवडत्या साध्या पावचीजला उच्च कुळांतील मेजावर जागा नसते म्हणून तें बंद होतें. वाचकांस हें क्षुल्लक वाटेल. पण ज्यांनीं कोणाच्या घरांत नव्यानें राहून पाहिलें आहे, त्यांस हें ठाऊक आहे कीं, घर मोडतें तें चहाच्या वेळेवरून आणि लोणच्याच्या बरणीच्या जागेवरून.

हाक मारण्याचा प्रश्नही बाई विसरत नाहींत. नव्या आईला काय म्हणावयाचें? मॉलीच्या ओठांवर तो शब्द कसाबसा येतो, आणि येतो तो बापाच्या समाधानासाठीं. आपल्याकडे या अडचणीवर जुनी तोड आहे. कित्येक घरांत सावत्र आईला मुलें ‘मावशी’ म्हणतात, कांहीं घरांत ‘नवी आई’. त्यांत आम्हांस पहिली पद्धत शहाणपणाची वाटते. ती कोणाची जागा घेत नाहीं आणि कोणाला परकेंही ठेवीत नाहीं.

गॅस्केलबाईंना हें सर्व कोठून कळलें, हें सांगण्यास त्यांच्या चरित्राचा थोडा आधार आहे. त्यांचा जन्म १८१० चा. त्या तेरा महिन्यांच्या असतांना आई वारली, आणि नट्सफर्ड येथील मावशीनें त्यांना वाढविलें. बापानें १८१४ सालीं दुसरें लग्न केलें. त्या लग्नाचीं मुलें झालीं. बापाच्या घरीं लंडनला जाऊन राहण्याचा योग आला तेव्हां तो काळ त्यांना सुखाचा गेला नाहीं. यावरून कोणी ‘मिसेस गिब्सन म्हणजे लेखिकेची सावत्र आई’ असें समीकरण मांडील तर तें चुकेल. सूड म्हणून लिहिलेलें पात्र इतकें हास्यकारक होत नाहीं. वाचकाला मिसेस गिब्सन घरांत नको असते, पण पानावर हवी असते; ती बोलूं लागली कीं पान उलटवत नाहीं. सूडाला इतका धीर नसतो.

आतां गुपितांकडे येऊं. या कादंबरींत इतकीं गुपितें आहेत कीं, आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें एकदां त्यांची यादीच करून आणली होती. शेजारच्या हॅम्ले घराण्याचा थोरला मुलगा ऑस्बर्न यानें चोरून एका फ्रेंच मुलीशीं लग्न केलेलें आहे, आणि तें मॉलीच्या कानीं चुकून पडतें. ऑस्बर्नला हृदयाचा असाध्य विकार आहे, हें डॉक्टरांना कळलेलें आहे. सिंथियानें सोळाव्या वर्षीं वीस पौंडांच्या कर्जापायीं प्रेस्टन नांवाच्या कारभाऱ्यास लग्नाचें वचन देऊन ठेवलें आहे, आणि तिचीं पत्रें त्यानें दाबून ठेवलीं आहेत. याखेरीज सिंथिया आणि ऑस्बर्नचा धाकटा भाऊ रॉजर यांचा वाङ्निश्चय चारचौघांपासून लपवून ठेवलेला. परंतु ही नुसती कथानकाची गुंतागुंत नव्हे. प्रत्येक गुपिताशीं कोण कसें वागतो, यावरून लेखिका माणसांचें मोल करीत जाते, आणि या मोजमापांत रक्ताचें नातें कांहीं कामाचें ठरत नाहीं.

मिसेस गिब्सन फडताळाच्या खोलींत असतांना पलीकडे डॉक्टर आणि त्यांचे एक व्यवसायबंधु ऑस्बर्नच्या दुखण्याविषयीं बोलत असतात. ती ऐकते. एक अवघड शब्द लक्षांत ठेवते, नवऱ्याच्या वैद्यकीय पुस्तकांत त्याचा अर्थ पाहते, आणि थोरला जगणार नाहीं म्हणजे इस्टेट धाकट्याला जाणार, असा हिशेब करून तोंवर दुर्लक्षिलेल्या रॉजरचें आदरातिथ्य सुरू करते. किती साधी गोष्ट! तिनें कोणाचें कांहीं चोरलें नाहीं. नवऱ्याच्याच घरांत, नवऱ्याच्याच तोंडचें ऐकलें आणि मुलीच्या हितासाठीं वापरलें. तिच्या दृष्टीनें हें गृहिणीचें चातुर्य आहे. पुढें हें उघडकीस येतें तेव्हां डॉक्टरांच्या तोंडचा रंग जातो. रोग्यानें विश्वासानें सांगितलेलें आपल्या घरांतून फुटलें, आणि त्यावर आपल्या मुलीचें लग्न जुळलें! ज्या माणसानें मौनाची चिठ्ठी लिहून दिली होती त्याच्याच घरांत मौनाचा पुडा फुटला. लेखिका ही फिरत आलेली गोष्ट वाचकाला बोट दाखवून सांगत नाहीं. आम्हींच येथें सांगून तिचा थोडा रसभंग केला आहे.

आणि दुसऱ्या बाजूस या दोन मुली. सिंथिया येते ती सुंदर, हुशार, सर्वांना भुरळ घालणारी आणि मनानें कोठेंच न बांधलेली. चौथ्या वर्षांपासून आईनें तिला दूर शाळेंत ठेवलेलें. कर्तव्य म्हणून चांगलें वागणें आपल्याला साधत नाहीं, हें ती मॉलीला सरळ सांगून टाकते. इंग्रजी कादंबरींतील इतकी चंचल आणि तरी इतकी सच्ची नायिका आम्हांस दुसरी आठवत नाहीं. अशा मुलीची आणि शांत, सरळ मॉलीची असूया व्हावी ही साच्याची अपेक्षा. त्यांत मॉलीचें मन रॉजरवर जडलेलें आणि रॉजर सिंथियाला मागणी घालतो. येवढें सगळें असून दोघींमध्यें जो स्नेह वाढतो, तो या पुस्तकाचा खरा आनंद आहे. तो का वाढतो? कारण मॉली विचारीत नाहीं. सिंथिया उदास असते तेव्हां मॉली जवळ बसते, आणि सांगितलें जाईल तेवढेंच ऐकते. आईनें कधींच न दिलेली गोष्ट सिंथियाला या सावत्र बहिणीकडून मिळते: न सांगण्याची मुभा. आणि ती मुभा मिळाल्यामुळेंच शेवटीं ती सर्व कांहीं सांगते.

मग मॉली प्रेस्टनला गांठून तीं पत्रें परत मिळविते. मोठ्या घरच्या लेडी हॅरिएटच्या कानांवर घालीन, या धाकानें तो नमतो. पण गांवानें तिला प्रेस्टनबरोबर एकांतांत पाहिलेलें असतें, त्याच्या हातांत पैशांचें पाकीट देतांना पाहिलेलें असतें, आणि मग हॉलिंगफर्डच्या दिवाणखान्यांत मॉलीचें नांव निघूं लागतें. तें बापाच्या कानीं जातें. येथें कादंबरींतील सर्वांत कठीण प्रसंग येतो. बाप संतापानें आणि भयानें मुलीला विचारतो. मुलगी भेटल्याचें कबूल करते, पण कारण सांगत नाहीं, कारण तें गुपित तिचें नाहीं. दरवर्षीं वर्गांत या ठिकाणीं कोणी ना कोणी विचारतोच: सख्ख्या बापापुढें सावत्र बहिणीचें गुपित का राखावयाचें? प्रश्नांतच आमच्या समाजाचें मत आलें. सख्ख्याला सांगावें, सावत्राचें झांकूं नये. मॉलीचें मत वेगळें आहे. गुपित ज्याचें त्याचें. नातें जवळचें म्हणून दुसऱ्याची वस्तु त्याच्या हातीं देतां येत नाहीं. आणि डॉक्टर, ज्यानें पूर्वीं पत्र वाचलें होतें तोच बाप, या वेळीं तिचा शब्द मानून थांबतो. आमच्या मतें त्या माणसाची सर्व कादंबरीभरची वाढ त्या एका थांबण्यांत आहे. लेडी हॅरिएट पुढें मॉलीला बरोबर घेऊन भर गांवांतून फिरते आणि तोंडें बंद करते. पण तो समाजाच्या पायऱ्यांचा विनोद, त्यावर थांबावयास नको.

या पुस्तकांत दोष नाहींत असें नव्हे. मॉलीच्या कानांवर इतकीं गुपितें योगायोगानें पडावींत, हें जरा अतीच होतें. लेखिकेला सोय हवी झाली कीं कोणी तरी दाराआड असतेंच. मॉलीचा चांगुलपणाही कधीं कधीं वाचकाला थकवितो. दुसऱ्यांचा विचार आधीं कर, हा रॉजरचा उपदेश ती इतक्या तंतोतंत पाळते कीं, तिनें एखादें तबक आपटावें असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. आणि गुपित राखण्याचा मोठेपणा गातांना लेखिका एका प्रश्नाला बगल देते, तो प्रश्न मात्र गंभीर आहे. सोळा वर्षांच्या मुलीला पैशांच्या मिंधेपणांत अडकवून पुरुषानें तिचीं पत्रें धाकासाठीं जवळ ठेवलीं, हें गुपित नव्हे; हा अपराध आहे. मॉलीनें मौन पाळलें त्याचा फायदा सिंथियाला झाला तसा प्रेस्टनलाही झाला असता. लेडी हॅरिएट नसती तर?

ही दुसरी बाजू आपल्याकडच्या एका कृतींत फार धीटपणें आली आहे. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात कंपनीनें १९३७ सालीं ‘कुंकू’ हा बोलपट काढला, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें. देवलांच्या ‘शारदे’नें १८९९ सालीं जरठविवाहाचा प्रश्न रंगभूमीवर आणला होता, पण शारदेचें लग्न मोडतें, म्हणून म्हाताऱ्या बिजवराच्या घराच्या आंत काय असतें तें नाटकाला दाखवावें लागलें नाहीं. ‘कुंकू’ त्या घराच्या आंत जातें. शांता आपटे यांनीं केलेली नीरा फसवून काकासाहेबांच्या गळ्यांत बांधली जाते, आणि उंबरठा ओलांडतांच ती तिच्याहून मोठ्या मुलांची सावत्र आई होते. त्यांतला मुलगा तिच्याकडे वाईट नजरेनें पाहतो. आणि नीरा तें पदराखालीं झांकीत नाहीं, छडी हातांत घेते. मुलगी मात्र, शकुंतला परांजपे यांनीं केलेली ती विधवा समाजसेविका, सावत्र आईच्या बाजूनें उभी राहते. सावत्र आई आणि सावत्र मुलगी यांचें हें सख्य हा आपल्या साच्याला दिलेला पहिला मोठा तडा. घराची अब्रू म्हणून जें दडपलें जातें तें आणि मनाचें मर्म म्हणून जें राखावयाचें तें, या दोहोंत नीरेला फरक कळतो. गॅस्केलबाईंची मॉली आणि आपली नीरा या दोघी समोरासमोर बसल्या असत्या तर त्यांचें फार दिवस पटलें नसतें. पण एकीचें म्हणणें दुसरीवांचून अपुरें राहतें.

कादंबरीबाहेर, प्रत्यक्ष जीवनांत, अशीं घरें आपल्याकडे झालीं नाहींत काय? झालीं. धोंडो केशव कर्वे यांनीं पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ सालीं गोदूबाईंशीं, म्हणजे पुढें आनंदीबाई झालेल्या विधवेशीं, पुनर्विवाह केला. त्या वेळीं पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. आनंदीबाईंचें ‘माझें पुराण’ १९४४ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि कर्व्यांचें ‘आत्मवृत्त’ त्यापूर्वींच होतें. पुनर्विवाहाचा वाद झाला तो शास्त्राचा, बहिष्काराचा, जातीचा. उंबरठ्याबाहेर इतका गलका होता कीं, उंबरठ्याच्या आंत बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला काय वाटलें, याकडे पाहण्यास सुधारकांस किंवा सनातन्यांस सवड नव्हती. त्यांचा दोष नाहीं. लढाई चालू असतां कोणी खोलींतील सामान मोजीत नाहीं. पण कादंबरीकाराचें काम तेंच असतें.

आतां काळ पालटला आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें सवत कायद्याबाहेर गेली आणि घटस्फोट कायद्यांत आला. म्हणजे ‘सावत्र’ शब्दाचें मूळच उपटलें गेलें. आज आईचा पदर धरून नव्या घरीं येणारी सिंथिया आपल्या शहरांत आहे; आई आणि बाप दोघे हयात असून दोन घरांत आठवडा वांटून राहणारीं मुलें आहेत; आणि आपल्या वाङ्मयानें ज्याच्याकडे फारसें पाहिलेंच नाहीं तो सावत्र बापही आहे. त्यांच्यापाशीं जुना शब्द आहे आणि नवी अडचण आहे. पत्राच्या जागीं खिशांतला फोन आला. मुलीचे संदेश तिच्या नकळत वाचणारे आईबाप डॉक्टर गिब्सनांप्रमाणेंच हेतु चांगला असल्याचें सांगतात. मुलगी या घरचें त्या घरीं सांगते का, हें तिच्याकडून काढून घेण्याचा मोह तर दोन्ही घरांना होतो. मराठींत ‘खासगी’ हा शब्द आला तो दरबारांतून; खासगी म्हणजे राजाच्या घरची स्वतंत्र दौलत, खासगीचा कारभार. सामान्य माणसाला खासगी असें कांहीं असावें, ही कल्पना भाषेंत उशिरां उतरली. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे असें एकमतानें सांगितलें. पण न्यायालयाचा निकाल स्वयंपाकघरांत कोणी बजावावयाचा? फडताळाच्या खोलींत उभ्या राहिलेल्या मिसेस गिब्सनला कोणती नोटीस लागू करणार? तेथें कादंबरीच हवी; आणि मराठींत ती कोणी लिहील तर आम्ही तिची वाट पाहत आहों. ती लिहिणाऱ्यानें सावत्र आईला दुष्ट करूं नये एवढीच आमची अट. तिला जेवणाच्या वेळा बदलूं द्याव्या, खोल्या रंगवूं द्याव्या, आणि तिच्या गोड बोलण्याखालीं काय चिरडतें तें शांतपणें पाहावें.

‘वाइव्हज् अँड डॉटर्स’ अपुरी आहे. १२ नोव्हेंबर १८६५ रोजीं गॅस्केलबाई अचानक वारल्या, आणि शेवटचा भाग लिहावयाचा राहून गेला. मासिकाचे संपादक फ्रेडरिक ग्रीनवुड यांनीं रॉजर आणि मॉली यांचें पुढें काय व्हावयाचें होतें तें एका टिपणांत सांगून कथा मिटविली. बाईंच्या हातच्या शेवटच्या पानांवर सिंथिया लग्न होऊन लंडनला गेलेली आहे. रॉजर आफ्रिकेच्या सफरीवर पुन्हा निघाला आहे. पण हॅम्ले हॉलमध्यें सांसर्गिक ताप असल्यामुळें तो मॉलीला भेटावयास घरांत येऊं शकत नाहीं, आणि पावसांत बाहेर उभा राहून खिडकींतील मॉलीचा दुरूनच निरोप घेतो. त्यानंतर बोलते ती मिसेस गिब्सन. तिला दुलई नीट पांघरून हवी आहे. झोंपेंत आपल्या सिंथियाचें आणि आपल्या नव्या शालीचें स्वप्न पाहावयाचें आहे. मॉली तिला पांघरूण घालते, आणि तेथें लेखणी थांबली आहे.